राखण करणारा गंज

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी गल्लीत कल्हईवाला यायचा. लिंबाच्या झाडाखाली जमिनीत खळगा करायचा, त्यात भात्याची नळी सोडायचा, कोळसे पेटवायचा आणि घराघरांतून आलेली पितळी पातेली एकेक करून निखाऱ्यांवर धरायचा. भांडे पुरेसे तापले की तो नवसागराची चिमूट आत टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे, नाकाला झणझणी येई. लगेच तो कथलाची कांडी भांड्याला टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून फिरवी. बघता बघता काळवंडलेले भांडे चांदीसारखे उजळे. शेवटी पाण्याच्या बादलीत चर्रर्र!

ही कल्हई काही नुसत्या चमकेसाठी नसे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, चिंचेचे सार कळकते, हे प्रत्येक घरात ठाऊक होते. अन्न आणि पितळ यांच्यामध्ये कथलाचा एक पातळ पडदा असे, आणि घरातल्या माणसांची प्रकृती त्या पडद्यावर अवलंबून असे. नवसागराचे काम त्याच्याही आधीचे. भांड्यावर चढलेला मळ निघाल्याशिवाय कथील धरत नाही. नवसागरातले क्लोरिन तो मळ, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत धातूचे ऑक्साइड, काढून टाकते.

श्रोतेहो, थर आणि क्लोरिन हे दोन शब्द लक्षात ठेवा. आजची गोष्ट या दोघांची आहे, आणि ती थेट जेट विमानाच्या इंजिनात जाते. काही आधुनिक इंजिनांत टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची पाती फिरतात. तापलेल्या त्या पात्यांवर चढणाऱ्या गंजाला वळण कसे लावायचे, या प्रश्नाने शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. मी कलाशाखेचा पदवीधर. धातुशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण वाचता वाचता या गोष्टीत मला माणसाच्या स्वभावाबद्दल बरेच काही सापडले, म्हणून ती सांगतो.

गंज म्हटले की आपल्याला नाश आठवतो. खिडकीचा गज, दाराची कडी, पत्र्याची ट्रंक. लोखंडाचा गंज फुगतो, पोपडे धरतो आणि पडतो. पोपडा पडला की आतले नवे लोखंड उघडे होते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. पण घरातले ॲल्युमिनियमचे पातेले वर्षानुवर्षे तसेच राहते. ॲल्युमिनियम गंजत नाही म्हणून नव्हे. उलट ते लोखंडापेक्षा अधिक उतावीळपणे ऑक्सिजनला जाऊन मिळते. घासून ठेवलेल्या ॲल्युमिनियमवर क्षणार्धात ऑक्साइडचा थर येतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन-चार भाग, एवढीच त्याची जाडी. पण तो इतका घट्ट आणि इतका सलग असतो की त्याच्या आड मग ऑक्सिजनला सहज शिरकाव मिळत नाही. म्हणजे ॲल्युमिनियमला वाचवतो तो त्याचा गंजच.

विजेच्या शेगडीची कॉइल आठवा. लालबुंद होते, थंड होते, पुन्हा लाल होते, तरी वर्षानुवर्षे टिकते. साधी लोखंडी तार असती तर थोड्याच दिवसांत जळून तुटली असती. ही तार निकेल आणि क्रोमियम यांची. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्या तारेवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर चढतो आणि तो तिची राखण करतो. कल्हईवाला बाहेरून थर चढवी. ही तार स्वतःचा थर स्वतःच विणते. खरचटला तर पुन्हा विणते.

असा थर चांगला कधी असतो आणि वाईट कधी, याचा विचार पहिल्या महायुद्धानंतर नीट सुरू झाला. जर्मनीतल्या गुस्टाफ टामान यांनी १९२० मध्ये दाखवले की धातूवरचा थर जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते. थराची जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. कारण सोपे आहे. धातू आणि वायू यांची गाठ पडायची तर दोघांपैकी कुणाला तरी थर ओलांडून जावे लागते, आणि वाट लांबत जाते. १९२३ मध्ये अमेरिकेत पिलिंग आणि बेडवर्थ यांनी आणखी एक हिशेब मांडला. जेवढ्या धातूचा गंज झाला, त्या धातूपेक्षा गंजाने जागा किती अधिक घेतली? मॅग्नेशियमचे ऑक्साइड ०.८१ पट जागा घेते. म्हणजे अंगाला अपुरे पडणारे पांघरूण. ॲल्युमिनियमचे १.२८ पट घेते. म्हणजे अंगासरशी बसणारे. लोखंडाचे दुपटीहून अधिक. ते फुगते आणि उकलते. १९३३ मध्ये कार्ल वॅगनर यांनी यामागचा पूर्ण सिद्धांत दिला. थरातून धातूचे भारित कण आणि इलेक्ट्रॉन कसे प्रवास करतात, थरातल्या रिकाम्या जागांतून ते कसे पुढे सरकतात, हे त्यांनी गणिताने सांगितले. उष्ण धातूंच्या गंजाचे आजचे शास्त्र याच पायावर उभे आहे.

मात्र पिलिंग-बेडवर्थांच्या हिशेबात एक धातू फसवा निघतो. टायटॅनियमचा आकडा सुमारे १.७ येतो. वरवर पाहता ठीक. पण तापल्यावर त्याचा थर राखण करीत नाही. हे का, ते पुढे सांगतो.

आधी इंजिनाकडे जाऊ. ब्रिटनच्या हवाईदलातला तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल याने १९३० मध्ये जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. प्रत्यक्षात आकाशात पहिले गेले ते जर्मनीचे हाइन्केल विमान, २७ ऑगस्ट १९३९ रोजी. म्हणजे दुसरे महायुद्ध पेटायच्या पाच दिवस आधी. व्हिटल यांचे इंजिन बसवलेले विमान १५ मे १९४१ रोजी उडाले. कल्पना दोघांकडेही होती. अडचण होती धातूची. जळत्या वायूच्या झोतात मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती लाल होतात, ताणाने हळूहळू लांबतात आणि त्याच वेळी गंजतातही.

ब्रिटिशांनी यावर जो उपाय काढला त्याचे मूळ शेगडीच्या तारेत होते. माँड निकेल कंपनीच्या संशोधकांनी १९४१च्या सुमारास त्याच निकेल-क्रोमियमच्या मिश्रणात थोडे टायटॅनियम आणि थोडे ॲल्युमिनियम घातले. निमोनिक ८० हे त्या मिश्रधातूचे नाव. क्रोमियमने थर सांभाळला, आणि चिमूटभर टायटॅनियम-ॲल्युमिनियमने बळ दिले. आपल्या आजच्या गोष्टीतले हे दोन नायक तेव्हा असे मिठासारखे, चवीपुरते आले होते.

जर्मनीची तऱ्हा वेगळी. युद्धात निकेलची टंचाई. म्हणून त्यांच्या युमो ००४ या जेट इंजिनाचा ज्वलनकक्ष साध्या पोलादाचा केला आणि गंजू नये म्हणून त्यावर ॲल्युमिनियमचा लेप दिला. ही सरळसरळ कल्हईच. ती इंजिने दहा ते पंचवीस तास चालत. त्या काळच्या लढाऊ विमानाला तेवढे आयुष्यही पुष्कळ वाटत होते, यातच त्या युद्धाची कहाणी आली.

पुढे निकेलचे मिश्रधातू सुधारत गेले. पण निकेल जड. एका घन सेंटिमीटरला आठ ग्रॅमहून अधिक. इंजिनाच्या चक्राच्या कडेला जड पाते बसवले की ते धरून ठेवायला चक्र जड हवे, चक्र पेलायला दांडा जड हवा आणि सारे अंगावर घ्यायला विमान जड हवे. घरात एक माणूस उधळ्या निघाला की सगळ्या घराचा खर्च वाढतो, तसेच हे. याउलट एका पात्यात वाचवलेला ग्रॅम साऱ्या विमानात इंधन वाचवतो. म्हणून सगळ्यांच्या नजरा हलक्या टायटॅनियमकडे वळल्या.

टायटॅनियमचा शोध एका पाद्र्याने लावला. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या मॅनॅकन गावाजवळच्या ओढ्यात विल्यम ग्रेगर यांना १७९१ मध्ये लोहचुंबकाला चिकटणारी काळी वाळू सापडली. तिच्यात लोखंडाखेरीज काहीतरी नवे आहे हे त्यांनी ओळखले. चार वर्षांनी जर्मनीतल्या क्लापरोथ यांनी त्या नव्या धातूला ग्रीक पुराणातल्या टायटन या महाकाय देवांचे नाव दिले. अशीच काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे, केरळातही आहे. वाळू मुबलक, तिच्यातला धातू मात्र सुटता सुटत नाही, कारण ऑक्सिजनने त्याला मगरमिठी मारलेली असते.

ती मिठी सोडवली क्लोरिनने. लक्झेंबर्गचे विल्यम क्रोल यांनी १९३०च्या दशकात जी रीत बसवली, तिच्यात आधी क्लोरिनच्या साहाय्याने टायटॅनियमचे एक द्रवरूप क्लोराइड करतात. मग बंद भांड्यात, हवेचा स्पर्श होऊ न देता, मॅग्नेशियमकडून त्यातले क्लोरिन काढून घेतात. उरतो तो सच्छिद्र, स्पंजासारखा टायटॅनियम धातू. क्रोल १९४० मध्ये अमेरिकेत गेले, आणि १९४८ पासून तिथे या धातूचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. आपल्याकडे हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेल्या तंत्रावर केरळात चवरा इथे २०११ मध्ये असा कारखाना सुरू झाला. सांगायचा मुद्दा असा की टायटॅनियमच्या जन्माला क्लोरिन सुईणीसारखे हजर असते, आणि त्याचा थोडा अंश स्पंजात मागे राहतो. एरवी ती अशुद्धीच समजली जाते.

हीच सुईण पुढे वैरीण कशी ठरली, तेही ऐका. अमेरिकेत लॉकहीड कंपनीने ए-१२ हे ध्वनीच्या तिप्पट वेगाचे टेहळणी विमान बांधले. ते एप्रिल १९६२ मध्ये उडाले. हवेच्या घर्षणाने तापणारे त्याचे अंग बहुतेक टायटॅनियमचे होते. कारखान्यात एक गूढ उभे राहिले. उन्हाळ्यात जोडलेले भाग लवकर निकामी होत. हिवाळ्यात जोडलेले टिकत. शोध घेता घेता कळले की बरबँक शहराच्या नळाच्या पाण्यात शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात क्लोरिन घालत असत, आणि जोडणीनंतर भाग त्याच पाण्याने धुतले जात. पुढे धुण्यासाठी शुद्ध केलेले पाणी वापरले गेले. तेव्हापासून टायटॅनियमजवळ क्लोरिन फिरकू द्यायचे नाही, हा कारखान्यांतला दंडक झाला.

टायटॅनियमचे दुसरे दुखणे उष्णतेचे. नेहमीचे टायटॅनियमचे मिश्रधातू सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत काम देतात. त्यापुढे दोन गोष्टी होतात. वर चढणारा टायटॅनियम ऑक्साइडचा थर भराभर वाढतो आणि सुटतो. आपल्या भिंतींच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे ऑक्साइड. रंगासाठी उत्तम, चिलखत म्हणून कुचकामी. शिवाय टायटॅनियम ऑक्सिजनला नुसते अंगावर घेत नाही, पोटातही घेते. धातूच्या आत ऑक्सिजन विरघळतो आणि वरची साल काचेसारखी ठिसूळ होते. पिलिंग-बेडवर्थांच्या हिशेबातून निसटलेली गोष्ट ती हीच.

मग कुणाच्याही मनात येईल ते शास्त्रज्ञांच्याही मनात आले. ज्याचा थर उत्तम त्या ॲल्युमिनियमचे टायटॅनियमशी लग्न लावले तर? मॅकअँड्र्यू आणि केसलर या दोघांनी १९५६ मध्ये वजनाने ३६ टक्के ॲल्युमिनियम असलेल्या अशा धातूवर निबंध लिहिला. हे साधे मिश्रण नव्हे. यात दोन्ही धातूंचे अणू एकाआड एक, पंगतीत पाने मांडावीत तसे ठरलेल्या ओळींत बसतात. त्यामुळे तो उष्णतेतही आपला ताठा सोडत नाही. घनता चारच्या आसपास, म्हणजे निकेलच्या निम्मी. पण थंड असताना तो ठिसूळ. वाकायच्या आधी तडकणारा. १९७०च्या दशकात अमेरिकी हवाईदलाच्या पैशाने त्यावर पुन्हा काम झाले. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ध्वनीहून कितीतरी पट वेगाच्या अंतराळविमानाची घोषणा केली तेव्हा या धातूचा बराच बोलबाला झाला. ते विमान कधी उडाले नाही. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात योजना गुंडाळली गेली. धातूवरचे काम मात्र उरले. १९८९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एस. सी. हुआंग यांना एका मिश्रणाचे पेटंट मिळाले. शंभरातले ४८ अणू ॲल्युमिनियमचे, दोन क्रोमियमचे, दोन नायोबियमचे, बाकी टायटॅनियम. ‘४८-२-२’ असेच त्याचे नाव पडले. क्रोमियमने त्याला थोडी लवचीकता दिली.

पण गंजाचे काय? इथे शास्त्रज्ञांना मोठा चकवा बसला. ज्या धातूत जवळजवळ निम्मे अणू ॲल्युमिनियमचे आहेत, त्याच्यावर ॲल्युमिनियमचाच थर यायला हवा होता. तो आला नाही. ऑक्सिजनच्या दृष्टीने इथे टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम दोघेही जवळजवळ सारखेच प्रिय. निकेलसोबत असते तेव्हा ॲल्युमिनियम निर्विवाद बाजी मारते. इथे बरोबरीचा स्पर्धक बसलेला. त्यामुळे दोन्ही ऑक्साइडे एकदमच तयार होतात. बाहेर टायटॅनियम ऑक्साइडचे भरड स्फटिक, त्याखाली ॲल्युमिनियम ऑक्साइडचा तुटका बांध आणि आत दोघांची खिचडी. बांधाला भोके असली की पाणी अडत नाही. ८०० अंशांच्या पुढे हा थर जाड होतो, आणि धातू गरम-थंड होत राहिला की पोपड्यांनी गळतो.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढे दिसली. हाच धातू शुद्ध ऑक्सिजनमध्ये तापवला तर बरा वागतो, आणि साध्या हवेत तापवला तर अधिक गंजतो! हवेत ऑक्सिजन तर अवघा एक-पंचमांश. बाकी बहुतेक नायट्रोजन, ज्याला आपण शाळेत निष्क्रिय, निरुपद्रवी म्हणून शिकलो. पण टायटॅनियम हा नायट्रोजनमध्येसुद्धा जळू शकणारा धातू आहे. थराच्या मुळाशी, धातूला अगदी लागून, टायटॅनियम आणि नायट्रोजनचे संयुग बनते आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा बांध तिथे सलग होऊच देत नाही. पुढे त्या संयुगाचेही ऑक्साइड होते आणि खिचडीत भर पडते. भांडणाऱ्या दोघांकडेच सगळे बघत होते. काड्या घालणारा शेजारी कुणाच्या लक्षात आला नव्हता.

यावर पहिला उतारा नायोबियमचा. हे अणू टायटॅनियमच्या ऑक्साइडात शिरतात आणि ऑक्सिजनला सरकायला लागणाऱ्या रिकाम्या जागा कमी करतात. वाढ मंदावते, थांबत नाही. ‘४८-२-२’ मधले दोन नायोबियमचे अणू प्रामुख्याने याच कामाचे. तेवढ्यावर सुमारे ७५० अंशांपर्यंत धातू निभावून नेतो.

दुसरा उतारा सापडला तो अगदी अनपेक्षित जागी. १९९०च्या दशकात जपानमधल्या संशोधकांना आढळले की टायटॅनियमच्या भुकटीपासून केलेला या जातीचा धातू, ओतून केलेल्या धातूपेक्षा फार कमी गंजतो. भुकटीत काय वेगळे होते? क्रोल यांच्या रीतीतून मागे राहिलेले किंचित क्लोरिन! जी अशुद्धी म्हणून हिणवली गेली, जिच्यापायी नळाचे पाणी बदलावे लागले होते, तीच इथे राखण करीत होती. जर्मनीत फ्रँकफर्टच्या डेकेमा संस्थेतल्या मिखाएल श्युत्झे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. धातूला हायड्रोक्लोरिक आम्लाचा हात फिरवून पाहिला. पुढे क्लोरिनच्या जागी त्याचे भावंड फ्लोरिन वापरून पाहिले. ९०० अंशांच्या उष्णतेतही धातूवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ, सलग, घट्ट थर आला. चाळीस वर्षे ज्याची वाट पाहिली तोच थर.

हे घडते कसे, ते मला फार आवडले. थराच्या मुळाशी, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोहोचतो अशा सूक्ष्म पोकळ्यांत, क्लोरिन किंवा फ्लोरिन टायटॅनियमला सोडून ॲल्युमिनियमला गाठते. त्याचे वायुरूप संयुग होते. ते संयुग थोडे वर सरकते, जिथे ऑक्सिजन जरा अधिक आहे. तिथे ॲल्युमिनियम ऑक्सिजनच्या हाती पडते आणि बांधाचा एक कण बनते. क्लोरिन मोकळे होते आणि पुढच्या ॲल्युमिनियमसाठी परत खाली जाते. बैलगाडीने विटा पोहोचवायच्या आणि रिकामी गाडी खाणीकडे परत न्यायची, तसे. गाडी भिंतीत जात नाही. भिंत मात्र तिच्यामुळे उभी राहते. म्हणून थोडेसे क्लोरिन पुरते. थोडेसेच हवे, हे महत्त्वाचे. मात्रा फार कमी पडली तर काहीच होत नाही, आणि फार झाली तर तेच धातूला खाऊन टाकते. औषध आणि विष यांच्यातले अंतर मात्रेचे असते, हे आपल्या वैद्य-हकिमांनी कधीच सांगून ठेवले आहे.

मला पुन्हा तो कल्हईवाला आठवला. नवसागरही भांड्यात राहत नाही. धूर होऊन उडून जातो. पण त्याच्यावाचून कथील धरत नाही.

आता हा धातू प्रत्यक्ष उडाला कधी? जनरल इलेक्ट्रिकने १९९३ मध्ये एका मोठ्या इंजिनात ‘४८-२-२’ची पाती बसवून जमिनीवर हजाराहून अधिक उड्डाणांइतकी चाचणी घेतली. पाती टिकली. तरीही प्रवाशांना घेऊन जाणाऱ्या विमानात ती यायला २०११ उजाडले. त्या वर्षी सेवेत आलेल्या जीईएनएक्स इंजिनाच्या टर्बाइनच्या शेवटच्या दोन टप्प्यांत ती बसवली आहेत, जिथे झोत तुलनेने निवलेला असतो. २०१६ मध्ये सेवेत आलेल्या लीप इंजिनातही हा धातू आहे. भारतातल्या अनेक विमानांना हे इंजिन आहे. पुण्या-मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या एखाद्या प्रवाशाच्या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर ही पाती फिरत असतात, आणि त्यांच्या अंगावर केसाहून पातळ गंज आपले काम करीत असतो. १९५६चा निबंध आणि २०११चे उड्डाण यांत पंचावन्न वर्षांचे अंतर आहे. निबंध लिहिणाऱ्याची उमेद आणि उड्डाण पाहणाऱ्याचे समाधान एकाच माणसाच्या वाट्याला यावे, इतके आयुष्य सगळ्यांना मिळत नाही.

ही गोष्ट सरळ यशाची मात्र नाही. दुसऱ्या एका कंपनीने याच जातीचा वेगळा मिश्रधातू आपल्या नव्या इंजिनात, टर्बाइनच्या तिसऱ्या टप्प्यात वापरला. तिथे पाती तुटण्याच्या घटना घडल्या. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये अशी इंजिने बदलून सुधारित पाती असलेली बसवण्याचे आदेश दिले. सुधारित पाती पुन्हा निकेलच्या मिश्रधातूची, जड पण सोशीक. तिथे घात केला तो गंजाने नव्हे, तर तडकण्याच्या जुन्या स्वभावाने. आघात झाला की हा धातू वाकून निभावून नेत नाही. एक दुखणे सांभाळता सांभाळता दुसऱ्याकडे पाठ फिरवून चालत नाही, हा त्यातला धडा. आकाशात त्याची किंमत पैशात मोजायची नसते, म्हणून वेळीच पाऊल मागे घेतले ते बरेच झाले.

क्लोरिन-फ्लोरिनची युक्तीही अद्याप मुख्यतः प्रयोगशाळांच्या आणि चाचण्यांच्या पातळीवर आहे. ती नेहमीच्या वापरात आली तर हा हलका धातू इंजिनाच्या अधिक उष्ण भागात जाऊ शकेल, इंधन वाचेल, धूर कमी होईल. त्या कामावर आजही माणसे बसली आहेत. त्यांच्या भट्ट्या हजारो तास पेटत्या असतात. ठरावीक वेळाने तुकडा बाहेर काढायचा, तराजूवर ठेवायचा आणि वजन किती वाढले ते वहीत लिहायचे. वजन वाढले म्हणजे गंज चढला. एकदम घटले म्हणजे पोपडा गळला. एवढ्या साध्या नोंदींवर हे सगळे शास्त्र उभे राहिले आहे.

विदर्भात स्वयंपाकाच्या उभ्या भांड्यालाही गंज म्हणतात. खाणारा तो गंज आणि जेवू घालणारा तोही गंजच. शब्द एक, काम उलटे. भाषेला जे सहज जमले ते धातूच्या बाबतीत समजायला माणसाला शतक लागले. गंज टाळता येत नाही. हवेत राहायचे, उष्णता सोसायची, तर तो चढणारच. आपल्या हाती एवढेच असते की चढणारा थर पोपड्याचा असावा की राखणीचा, हे पाहावे. आणि ज्याला आपण मळ म्हणून बाजूला काढतो, त्याची एक चिमूट कुठे उपयोगी पडते का, हे फेकण्याआधी एकदा तपासावे.

आता गल्लीत कल्हईवाला क्वचितच दिसतो. पण पुढच्या वेळी डोक्यावरून विमान गेले तर वर बघा. त्याचा भाता मोठा, निखारे फार तापलेले. पण काम तेच, एका पातळ थराच्या भरवशावर चाललेले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)